अकरावा गडी कुणी पुसला?

"माझ्या नजरेतून आजवर एकच गुन्हेगार सुटला," आर्सेनिस कालोनास सांगत असे, "आणि त्याच्याकडे पास होता."

कॉर्फू या ग्रीक बेटावरच्या बसगाड्यांत तीस वर्षं तिकिटं तपासून निवृत्त झाल्यावर आर्सेनिसने स्वतःला गुप्तहेर नेमलं. नेमणूकपत्र त्यानेच लिहिलं आणि खाली आपल्या मेहुण्याची, लाव्रेंतिसची, सही घेतली. आपण सहायक म्हणून सही करतोय हे लाव्रेंतिसला नंतर कळलं. बिचारा टपालखात्यातला; आतला मजकूर वाचायची सवयच नव्हती.

त्या रविवारी दहा वाजता दोघं मैदानासमोरच्या एव्दोकियामावशींच्या कॉफीघरात शिरले, तर आत सुतकी शांतता. भिंतीवरच्या फळ्यावर गावच्या क्रिकेट क्लबचा सार्वकालिक एकदिवसीय संघ खडूने लिहिलेला. तीन आठवडे भांडून निवडलेला. त्यात दोन टेबलं मोडली होती आणि एक सोयरीकही. दहा नावं कशीबशी ठरली. यष्टिरक्षकावर गाडी अडली. मेर्कुरिस की लादास? लादास वारला होता, पण त्याचा पुतण्या फोटिस दोघांपुरतं ओरडत होता. शेवटी शुक्रवारी मतदान झालं आणि मेर्कुरिस एका मताने आला.

ते मत लाव्रेंतिसचं. पॅक्सोस बेटावर एकट्या राहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या मेर्कुरिसकाकांना फोनही त्यानेच केला होता. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, मग काका म्हणाले, "रविवारी बाराच्या बोटीने येतो. फळा पुसू नका."

आणि आज फळ्यावर दहाच नावं होती.

"कुणी हात लावू नका!" आर्सेनिस गरजला आणि पुरावा तपासायला स्वतःच हात लावला. "लाव्रेंतिस, लिहून घे. गुन्हेगार डावखुरा आहे."

"कशावरून, दाजी?"

"उजव्या हाताने पुसलंय. संशय टाळायला."

लाव्रेंतिसने लिहून घेतलं. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

आर्सेनिसचा पहिला संशय दक्षिणेच्या दमट वाऱ्यावर गेला. पण वाऱ्याने दहा नावं सोडून अकरावंच का न्यावं, या प्रश्नावर वाऱ्याची निर्दोष सुटका झाली. दुसरा संशय दहाव्या क्रमांकावरच्या गोलंदाजावर. "याला शेवटी खेळायची सवय! शेवटून पहिला येण्यासाठी त्याने अकरावा संपवला." गोलंदाज एकोणीस वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला होता. "म्हणजे इथे नव्हता याला साक्षीदार नाहीत," आर्सेनिस समाधानाने म्हणाला.

मग त्याने भिंग काढलं. पुसलेल्या जागी दोन अक्षरं पुसट उरली होती: लादा.

"लादा!" तो गर्रकन वळला. "फोटिस लादास! मेर्कुरिसकाकांचं नाव पुसून स्वतःच्या काकांचं लिहायला घेतलंस, आणि 'स'वर पकडला गेलास!"

फोटिसच्या हातातली कॉफी सांडली. "मी? अहो, मला फळ्यावर लिहायला चढायचं म्हटलं तर गुडघे साथ देत नाहीत!"

"फळा कमरेच्याच उंचीवर आहे!"

"मग वाकायलाही गुडघेच लागतात!"

दोघांची अशी जुंपली की एकमेकांच्या आजोबांनी सोडलेले झेल बाहेर निघाले. बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती. लाव्रेंतिसला फोनवरचा तो श्वास आठवला. शेवटी तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला. एव्दोकियामावशी कांदा चिरत होत्या.

"मावशी, फळ्यावरचं शेवटचं नाव कुणी पुसलं, माहीत आहे?"

"मीच. काल फासोलादा केलं होतं. घेवड्याचं सूप हो; त्याचं नाव फळ्यावर लिहायला जागा नको? संपलं, परत पुसलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सकाळपासून मला कुणी पुसलं का?" मावशी म्हणाल्या. "कॉफी तेवढी तीनदा मागितली."

आर्सेनिस मागे येऊन उभा होताच. "मी हेच म्हणणार होतो," तो म्हणाला. "आतल्या माणसाचं काम."

लाव्रेंतिसने खडू घेऊन मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि धक्क्यावर धावला.

मेर्कुरिसकाका काठी टेकत आत आले, तेव्हा सगळे उठून उभे राहिले. काकांनी चष्मा पुसला, अकरा नावं दोनदा वाचली आणि मान हलवली.

"चुकलात रे. लादास माझ्यापेक्षा सरस होता. त्याला ताप आला म्हणून मी पहिल्यांदा यष्टींमागे उभा राहिलो, तेही त्याचेच हातमोजे घालून."

लाव्रेंतिसचा चेहरा पडला. बोलला तो फोटिस. "काही सांगू नका, काका! आमचा काका घरी कबूल करायचा, चेंडू तुमच्याकडे पाळल्यासारखा यायचा. नाव तुमचंच राहील!"

"लादासचंच येईल!"

"तीन आठवडे घसा फोडला तो काय तुमचं ऐकायला?"

"दोघांनाही घ्या की," लाव्रेंतिस दबकत म्हणाला.

"मग वगळायचं कुणाला?" कुणीतरी विचारलं.

मग एकाने सलामीच्या फलंदाजाचं नाव घेतलं, दुसऱ्याने टेबलावर मूठ आपटली, आणि पाहता पाहता कुणाचं कुणाला ऐकू येईना. लाव्रेंतिस ओशाळून काकांकडे वळला. "माफ करा, काका. इतक्या लांबून आलात आणि हे असं."

काकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, बाह्या सारल्या.

"गप रे," ते म्हणाले. "बेटावर भांडायला कोण आहे मला?"