डावा हात, दोन बोटं

टिपणीसकाकांनी मला पहिल्यांदा हात केला, तेव्हा मी आधी माझ्या मोटरसायकलचं स्टँड बघितलं.

ते वर होतं. मग दिवा बघितला. तो बंद होता. मागे वळून पाहिलं, बायकोची ओढणी चाकात गेली असेल म्हणून, तर बायको मागे बसलेलीच नव्हती. म्हणजे पुढे पोलीस उभे असणार. मी कोपरात अडकवलेलं हेल्मेट घाईघाईने डोक्यात घातलं, ते मागचं पुढे बसलं, आणि मी आमच्याच सोसायटीच्या फाटकावर जाऊन आदळलो.

संध्याकाळी जिन्यात काका भेटले. "सकाळी मी तुला नमस्कार केला होता," ते म्हणाले. "तू फाटक वाकवलंस."

दिल्लीत समोरून येणाऱ्या माणसाने हात केला की त्याला काहीतरी कारण असतं. विनाकारण हात करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आम्ही मयूर विहारमध्ये नवीनच राहायला आलो होतो. देशाने नुकतीच दारं उघडली होती आणि त्या दारांतून आधी मोटरसायकलीच आत शिरल्या असाव्यात, इतक्या त्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या. माझीही होती, शंभर सीसीची, लाल, हप्त्यांवर घेतलेली. तिच्यावर बसून मी दिल्लीभर पेजर विकत फिरायचो. पेजर म्हणजे ज्यावर निरोप येतो पण उलट बोलता येत नाही असं यंत्र. लग्न झालेल्या माणसाला त्याचं कौतुक ते काय, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो, आणि म्हणूनच बहुधा माझा खप कमी होता.

टिपणीसकाका आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मानेसरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, घर गुडगावात. तो महिन्यातून एकदा कारने यायचा आणि "बाबा, ती गाडी आता विका" एवढं बोलून जायचा. ती गाडी म्हणजे काळी, साडेतीनशे सीसीची, जुन्या घडणीची मोटरसायकल. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. सुरू झाली की आमच्या स्वयंपाकघरातली ताटं मांडणीत वाजायची. काका तिला "गाडी" म्हणत. बाकी सगळी त्यांच्या लेखी "वाहनं". माझ्या मोटरसायकलला ते "मिक्सर" म्हणत.

"नमस्कार म्हणजे नोंद," त्यांनी मला त्या संध्याकाळी समजावलं. त्यांचा जन्म सरकारी खात्यात फायली पुढे ढकलण्यात गेला होता. "तू रस्त्यावर आहेस, मी रस्त्यावर आहे. नोंद झाली. पुढे चला."

तरुणपणी त्यांना कामासाठी जयपूरच्या रस्त्याने जा-ये करावी लागायची. तासन् तास दुसरी मोटरसायकल दिसायची नाही. दिसली की दोघांचेही हात उठायचे. न जाणो, पुढच्या वळणावर एकाची साखळी तुटली तर दुसराच कामाला यायचा. ती सवय त्यांनी तशीच दिल्लीच्या गर्दीत आणली होती आणि तिला नियमही लावले होते. हात डावाच, उजवा रेसवरून हलता कामा नये. बोटं दोन. उंची छातीपर्यंत. "त्याच्यावर नेलास तर रिक्षा थांबते." स्कूटरला नमस्कार नाही. "स्कूटरवाला खुर्चीत बसलेला असतो. खुर्चीतल्या माणसांना मी ऑफिसात भरपूर नमस्कार घातलेत."

आणि सगळ्यात मोठा नियम, थांबायचं नाही.

"थांबलास की नाव विचारावं लागतं," काका म्हणाले. "नाव आलं की गाव आलं, मुलगा काय करतो आलं. मग तो म्हणतो, या ना घरी. झालं, मेला नमस्कार."

हे नियम मी मनापासून पाळायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी आयटीओच्या चौकात एक मोटरसायकलवाला समोरून आला आणि मी डावा हात उचलला. डाव्या हातात क्लच होता हे मी विसरलो. गाडी उडी मारून बंद पडली. समोरचा मोटरसायकलवाला थांबला, तेव्हा तो वाहतूक पोलीस आहे हे माझ्या लक्षात आलं.

"इशारा किसको किया?"

"आपको. नमस्ते."

"जान-पहचान है?"

"नहीं जी. ऐसे ही."

"ऐसे ही कोई नमस्ते नहीं करता," तो म्हणाला. "कागज दिखाइए."

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गणवेशाला नमस्कार नसतो. ही तुझी चूक. नोंद झाली." त्यांची सगळ्या गोष्टींची नोंद व्हायची. माझ्या बायकोने, वर्षाने, शिरा पाठवला की "साखर कमी, नोंद झाली" असा निरोप भांड्यासकट परत यायचा.

काकांना स्वतःला तरी कोण उत्तर द्यायचं? कुणीच नाही. त्यांनी हात केला की समोरची पोरं स्टँड बघायची, दिवा बघायची, हेल्मेटं चढवायची. माझी खात्री आहे, पूर्व दिल्लीत हेल्मेट वापरायची सवय एकट्या टिपणीसकाकांनी लावली.

फक्त एक माणूस उत्तर द्यायचा. काका त्याला "पुलावरचा" म्हणत. रोज सकाळी काका यमुनेच्या पुलावरून दिल्लीकडे निघत, तेव्हा तो पलीकडून नोएडाकडे जात असे. तसलीच जुनी गाडी, खाकी जर्किन, पांढऱ्या मिशा, टाकीवर जेवणाचा डबा. डावा हात, दोन बोटं, छातीपर्यंत. "ट्रकमागे असला तरी शोधून करतो," काका सांगत, आणि त्यांचा चेहरा मुलाचं कौतुक सांगितल्यासारखा व्हायचा. किती वर्षं हे चाललं होतं, त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. नियमाप्रमाणे ते ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

मग काकांचा पाय मोडला. रस्त्यावर नव्हे. सोसायटीच्या आवारात, गाडी बंद असताना, ती पुसताना अंगावर पडली. "लोकांना रस्त्यात लागलं म्हणून सांग," त्यांनी मला बजावलं.

प्लास्टर घालून घरी आल्यावर त्यांनी मला वर बोलावलं.

"उद्या सकाळी पुलावरून जाशील? माझी गाडी घेऊन."

"माझी का नको?"

"तुझ्या मिक्सरला तो ओळखणार कसा? इतके दिवस मी दिसलो नाही. तो काय समजला असेल? हात करून ये. म्हणजे त्याला कळेल, सगळं ठीक आहे."

"पण काका, सुट्टीवर असाल असंच समजेल ना तो. ऑफिसातून रजा काढलीत म्हणून."

"ऑफिस कुठलं? मला रिटायर होऊन वर्ष होऊन गेलं."

हे गृहस्थ रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग अडकवून निघायचे. मुदतवाढ मिळाली असावी, असा अख्ख्या सोसायटीचा समज होता.

"पूल ओलांडतो, पलीकडे वळतो, भाजी घेतो, परत येतो," काका म्हणाले. "त्याला कामावर जायचं असतं ना. तो रोज तिथून निघणार आणि समोर कोणीच नाही, हे बरं दिसत नाही." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्या गाडीला इतक्या किका मारल्या की शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सरबत पाठवलं. गाडी सुरू झाली. मी ब्रेक दाबला की गिअर बदलायचा, गिअर बदलायला गेलो की गाडी थांबायची. पुलापर्यंत मी मागच्या बसवाल्याकडून माझ्या घराण्याविषयी बरीच नवी माहिती ऐकली.

आणि तो दिसला. खाकी जर्किन, मिशा, डबा. काळी गाडी बघून त्याचा चेहरा उजळला, हात उठला, मग वर मी दिसलो आणि तो हात अर्ध्यावरच राहिला.

इथे मी नुसती दोन बोटं दाखवून पुढे जायला हवं होतं. पण मला वाटलं, त्याला नीट समजावं. मी त्याला पायाकडे बोट दाखवलं. मग प्लास्टर दाखवायला मांडीभोवती हात फिरवला. मग काका झोपलेत हे दाखवायला मान कलती करून डोळे मिटले. आता विचार करतो तर, यमुनेच्या पुलावर कुणी असं केलं तर मी तरी काय समजलो असतो?

तो पुलाच्या टोकाला वळला आणि माझ्यामागे आला. गाडी आडवी घातली.

"ये गाडी आपकी नहीं है," तो म्हणाला. त्याने माझं हँडल धरून ठेवलं. "वो साहब कहाँ हैं? सच बोलना."

"जिंदा हैं जी. पैर टूटा है बस."

त्याने हँडल सोडलं. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, मग उगाच टाकीही पुसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आयुष्यातला प्रत्येक गाढवपणा असाच पुण्यकर्म म्हणून सुरू होतो. मी म्हटलं, "शाम को घर आइए ना. बहुत खुश होंगे."

तो संध्याकाळी वर काकांकडे आला. नाव ओमप्रकाश, नोएडातल्या एका छापखान्यात फोरमन. हातात केळी. दाराशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही लाजले. हेल्मेटशिवाय ते एकमेकांना अनोळखी दिसत असावेत.

"बैठिए."

"जी."

वर्षाने पोहे आणून ठेवले.

"कितना देती है आपकी?" ओमप्रकाशजींनी विचारलं. दिल्लीत दोन माणसांना काहीच बोलायचं नसलं की पेट्रोलचं ॲव्हरेज विचारतात.

"पैंतीस. आपकी?"

"वही, पैंतीस."

"ट्रॅफिक बहुत बढ गया है."

"बहुत."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यांत मान घातली. ओमप्रकाशजींनी बिचाऱ्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "दफ्तर कब से जाएंगे, साहब?"

"बस, प्लास्टर कटते ही," काका म्हणाले. "काम बहुत पेंडिंग है."

आणि मी, संभाषणाला थोडी ऊब यावी म्हणून, हसत हसत म्हणालो, "अरे, इनका दफ्तर कहाँ. ये तो रिटायर हो गए. रोज पुल पर सिर्फ आपके लिए आते हैं."

वर्षाने माझ्या पायावर पाय दिला, पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं. ओमप्रकाशजींनी बशी खाली ठेवली. काका खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"अच्छा जी," थोड्या वेळाने पाहुणे उठले. "चलता हूँ."

दार लागलं. मला वाटलं, आता काका फाडून खातील. ते एवढंच म्हणाले, "नोंद झाली."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दोनेक दिवसांनी वर्षाकडे निरोप आला, गाडीला गिऱ्हाईक बघ म्हणून. ती म्हणाली, "कसे म्हणाले माहितेय? आता त्याला ते उपकार वाटतील, म्हणाले. उपकार झाले की पुलावर हात कसा करायचा?" मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला एखादा पेजर बांधायला हवा. नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही."

मला एक गिऱ्हाईक मिळालं. लक्ष्मीनगरचा एक माणूस रविवारी गाडी बघायला येणार होता. शनिवारी सकाळी मी ते सांगायला आणि वर्षाचा शिरा द्यायला वर गेलो. काका बाल्कनीत स्टुलावर पाय ठेवून बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला. माझ्याकडे वळले नाहीत.

"उद्या येतो म्हणालाय," मी पाठीला सांगितलं.

"हं."

तेवढ्यात त्यांनी मान वर केली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळाने आलं. जुन्या गाडीचा संथ, जड आवाज. नोएडाकडे जाणारा मोठा रस्ता आमच्या सोसायटीपासून दूर आहे. हा आवाज आतल्या रस्त्याने येत होता, भाजीवाल्यांमधून, शाळेच्या बसमागून. या वाटेने कुठल्याच कामावर जायला होत नाही.

कोपऱ्यावरून खाकी जर्किन वळलं. टाकीवर डबा. गाडी हळू झाली नाही. त्याने वर पाहिलंही नाही. आमच्या फाटकासमोर, मी वाकवलेल्या त्याच फाटकासमोर, त्याचा डावा हात उठला. दोन बोटं. छातीपर्यंत नाही, खांद्याच्याही वर. वरच्या मजल्यावर दिसायला हवं, म्हणून असेल. मग गाडी पुढच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

काकांचा हात कठड्यावरून उठलेला होता.

"थांबला नाही," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. मग त्यात शिऱ्याचा घास घातला.

आवाज पार विरेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. मग बशी माझ्याकडून ओढून घेतली.

"काका, मग उद्याच्या गिऱ्हाइकाला..."

"कुठलं गिऱ्हाईक?" काका म्हणाले.