जांभळ्या शेपट्या

केंद्र सुरू झालं त्या सकाळी शेडमध्ये अकरा मांजरं होती. चार बोके, पाच भाट्या आणि दोन पिल्लं. पिल्लांबद्दल एवढ्यात मत देणं अशास्त्रीय ठरलं असतं. शेड म्हणजे कडेगावबाहेरचं आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ. ऊस संपल्यापासून ते बंद होतं आणि गूळ कढवायच्या मोठ्या काहिलीत ही मंडळी लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी लोळत होती.

चुलते म्हणजे सुभेदार दादासो. पलटणीतून घरी आले, येताना आवाज मात्र तिथलाच घेऊन आले. ते मांजरं पोत्यात भरायला निघाले, तेव्हा मी आडवा आलो.

"काका, मी प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे! दसऱ्यापर्यंत एकेका मांजराला घर मिळवून देतो. मोफत! समाजसेवा म्हणून!"

"आन् न्हाई मिळालं तर?"

"मिळणारच!"

"हे बघ अर्जुना. दसऱ्याला काहिलीखालचं चुलवाण पेटवायचं हाय. त्या दिवशी शेडात एक शेपूट जरी दिसलं, तर मांजरं ट्रकात घालून शिरवळच्या फुडं सोडणार, आन् तुला सैन्यभरतीला उभा करणार. छाती फुगवून दोन इंच वाढाय पायजे तिथं. दाव बरं फुगवून."

मी दाखवली.

"आता फुगीव की."

"फुगवलीय, काका."

काकांनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

कामाला मी शास्त्रीय पद्धतीनं लागलो. शेडवर पाटी लावली: 'मार्जार पुनर्वसन केंद्र'. धरणामुळे 'पुनर्वसन' हा शब्द आमच्या भागात सगळ्यांना पाठ! दुसऱ्याच दिवशी धोंडीबा नावाचे एक म्हातारे येऊन जमीन कुठं मिळणार ते विचारून गेले. मी त्यांना मांजर दिलं.

मग घरोघर पाहणी. कुठलं मांजर कुठल्या घरी शोभेल हे दूध किती उरतं यावर, आणि दूध किती उरतं हे पोरं किती यावर. म्हणून मी प्रत्येक दारात विचारायचो, "मुलं किती? आणखी होऊ द्यायचा विचार आहे का?" बायका आत पळायच्या, पुरुष चपला शोधायचे. मला वाटलं, लाजाळू लोक!

मांजर मात्र कुणी नाकारलं नाही. पहिलीच भाटी वेशीजवळच्या बयाबाईंकडे नेली.

"सुभेदारांच्या घरचं मांजर व्हय? या, या! आवं, न्हाई कसं म्हनीन मी?"

त्यांनी भाटीला पाटावर घेतलं, कपाळाला कुंकू लावलं, मला चहा दिला. पंधरा दिवसांत शेड रिकामी! काकांना मी तसं ताठ मानेनं सांगितलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दाराशी एक पोतं हलत होतं. उघडलं तर आत भाटी. पुढच्या दिवशी दोन पोती. मग चार. मी भारावून गेलो! केंद्राची कीर्ती पसरत होती, गरजू मांजरं येत होती, मी त्यांना नवी घरं देत होतो. श्रावण सरेपर्यंत चव्वेचाळीस पुनर्वसनं झाली! येणाऱ्या बहुतेक मांजरांच्या कपाळाला कुंकू असायचं. काहींना तर थरावर थर. त्यावरून मी निष्कर्ष काढला की आमच्या तालुक्यात मांजरांना कुंकू लावण्याची जुनी प्रथा असावी.

"अजून किती येतील रं?" काकांनी विचारलं.

प्रश्न शास्त्रीय होता, त्याला शास्त्रात पद्धतही होती. काही जनावरांना खूण करून सोडायचं. मग पुन्हा पकडलेल्यांत खुणेची किती निघतात, ते पाहायचं. त्यावरून त्या भागात एकूण जनावरं किती, याचं गणित निघतं. जखमेवर लावायचं जांभळं औषध आणून मी शेडमधल्या अकरांच्या शेपट्या रंगवल्या आणि त्यांना घरोघर पोचवलं. आठवडाभरात पोत्यांतून नऊ मांजरं आली. नऊच्या नऊ जांभळी! आकडे सूत्रात घातले. उत्तर आलं: संपूर्ण परिसरात मांजरं अकरा.

मी गणित पुन्हा केलं. मग बयाबाईंकडे गेलो.

"बयाबाई, मांजर नको होतं तर घेतलंत कशाला?"

"सुभेदारांच्या मानसाला दारातनं म्हागारी धाडायचं व्हय? बरं दिसतंय का ते?"

"मग परत का पाठवलंत?"

"तर काय मारून टाकू? सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतंय, तवा कुठं ते पाप फिटतंय! नदीपल्याड सोडलं तर त्याचा तळतळाट. तुमच्या दारात ठिवलं म्हंजे कसं, पाप न्हाई, उलट पुण्य! समदा गाव तसंच करतोय."

"पण आधी सांगायचं तरी!"

"तुमी किती हौसेनं आनत होता!"

इथं थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण दसऱ्याच्या धास्तीनं मी तीच मांजरं पुन्हा घरोघर वाटली, शेपट्यांचा रंग पाऊस पडूनही जाईना आणि साल होतं एकोणीसशे शहात्तर. गावोगाव नसबंदीच्या गाड्या फिरत होत्या. गाडीचा आवाज आला की तीन पोरांचा बाप उसात शिरायचा. आणि अशा वर्षी एक शिकलेला पोरगा दारोदार मुलं मोजून गेला होता, 'आणखी होऊ देणार का' विचारून गेला होता, आणि मागं खूण केलेलं मांजर ठेवून गेला होता! गावानंही माझ्यासारखाच पुराव्यावरून निष्कर्ष काढला: ज्याच्या घरी जांभळी शेपटी, त्याच्या घरी गाडी थांबणार.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी लोक पोती घेऊन येऊ लागले. आता लपवाछपवी नव्हती. माझी मांजरं आलीच. पण धोका नको म्हणून लोकांनी आपापली जन्मापासूनची मांजरंही आणून टाकली. काळी आणली, करडी आणली. आमच्या आळीतला केरबा तर आजीचं मांजर घेऊन आला.

"केरबा, हे पांढरंशुभ्र आहे!"

"आज पांढरं हाय. उद्या तू रंगिवलंस म्हंजे? मला पाच हायत, गड्या! नाव खोड माजं!"

"कुठलं नाव? मी नाव लिहिलेलंच नाही!"

"तेच म्हंतो मी, लिवू नगंस!"

दसऱ्याच्या सकाळी मी मोजलं. बावन्न. काहिलीत जागा उरली नव्हती. चुलवाणाच्या तोंडात एक भाटी व्याली होती, ती चार वेगळी. काका फेटा बांधून पूजेचं ताट घेऊन आले. दुसऱ्या काखेत एक पोतं होतं.

"काका, पोत्यात काय?"

"काय न्हाई. गूळ हाय."

गूळ म्याव म्हणाला.

"तुज्या काकूनं ठिवून घेतलं हुतं एक," काका दुसरीकडं बघत म्हणाले. काकांना सात मुलं.

मग त्यांची नजर आत गेली. बावन्न मांजरांनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज थेट पलटणीतला निघाला. "आकारामाला बलीव! ट्रक लाव म्हनावं!"

ट्रकवाला आकाराम आला, दारातूनच जांभळ्या शेपट्या पाहिल्या आणि हात जोडून मागं सरकला.

"सुभेदार, ऊस सांगा, दगड सांगा, म्हसवडच्या जत्रंची मानसं सांगा, रातध्याड वडतो. ही न्हाईत नेनार! शिरवळला नाक्यावर गाडी अडिवली आन् इचारलं, कुनाची मांजरं, तर काय सांगू? मला तीन पोरं हायत! लगीन हून चारच वर्सं झाल्यात!"

काकांनी आधी आकारामाकडे पाहिलं, मग मांजरांकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

"मांजरं जात न्हाईत न्हवं? मग तू जा!"

पुढच्या सोमवारी मी साताऱ्याला भरतीच्या रांगेत लंगोटावर उभा होतो. हाताची बोटं अजून जांभळी होती. काका कुंपणाबाहेरून स्वतःची छाती फुगवून मला खुणा करत होते. एका हवालदारानं फीत लावली आणि दुसऱ्याला मोठ्यानं आकडे सांगितले.

न फुगवता: साडेतीस इंच.

फुगवून: साडेतीस इंच.