पाहुण्यास एक परगणा दिल्याची हकिकत

॥ दीपज्योतीस नमन. तिच्या उजेडात जे दिसले तेवढेच लिहिले ॥

‘रेवती, पाहुण्याच्या पानात आधी वाढायचं, घरच्याच्या मागून,’ ऐसे थोरल्या जाऊबाई माईसाहेब यांनी नव्या धाकटीस पहिल्या पंगतीला सांगितले, त्यास चौतीस वर्षे लोटली, आणि ते वचन रेवतीबाईसाहेबांनी कधी मोडिले नाही; आणि त्याच वचनापायी एक राज्य मूर्च्छित पडिले, ते वर्तमान येणेप्रमाणे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढ वद्य अमावास्या, गुरुवार, दिव्यांची अवस. त्या समयी एक राज्य होते. नाव सांगत नाही, विस्तार दोन खोल्या आणि एक गच्ची. तेथे अच्युतरावसाहेब, पाटबंधारे खात्याची चाकरी पुरी करून स्वस्थ जाहलेले, आणि त्यांचे कुटुंब रेवतीबाईसाहेब ऐसे उभयता सुखे नांदत होते. बाईसाहेबांचा चातुर्मासाचा नेम ऐसा की, दुपारचे जेवण मौन धरून करावे, पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द काढू नये. राज्याचा कारभार टेबलावरच्या एका संगणकाकडे होता आणि त्याच्या पदरी मेमरीचे आठ जीबी होते, म्हणजे जणू आठ परगणे. त्यांवरच त्याने जगावे आणि काम करावे. आणि माईसाहेब राहात होत्या नदीपलीकडे, आणि त्या दर श्रावणात पहिल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी वाचीत, त्यात बेचाळीस वर्षे खंड नव्हता. परंतु यंदा कहाणीच्या वहीस वाळवी लागली आणि माईसाहेबांची नजरही मंद जाहली. बाजारची पोथी चालेना, कारण या घराण्याच्या कहाणीत शेवटी म्हातारी उंबऱ्यावर एक दिवा मागे ठेवते, उशिरा येणाऱ्यासाठी, आणि ते कोणत्याच छापील पोथीत नाही. तेव्हा बाईसाहेब बोलून चुकल्या, ‘माई, शुक्रवारी दिवे लागायच्या आत मोठ्या अक्षरांत आणून देते.’ शब्द गेला, आणि शुक्रवार उद्यावर आला.

कहाणी होती, अच्युतरावांनीच ती बावीस वर्षांपूर्वी जुन्या संगणकावर उतरविली होती. परंतु नव्या संगणकास ती अक्षरे वाचता येईनात, कहाणीच्या जागी चौकोन आणि फुल्या दाखवी. मग अच्युतरावांनी चार दिवस व्हिडिओ पाहून तोड काढिली की, नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक वसवावा, खरा नव्हे, मानीव. बाहेरच्यास यजमान म्हणावे आणि आतल्यास पाहुणा, ऐसीच त्या शास्त्राची भाषा. सर्व मांडणी जाहली, कहाणीही पाहुण्याच्या पोटी हलविली, आणि एकच प्रश्न उरला की, यजमानाच्या आठ परगण्यांतून पाहुण्यास किती तोडून द्यावे. पडद्यावर एक पट्टी होती, डावीकडे हिरवी, उजवीकडे तांबडी, आणि तीवर एक सरकती खूण. अच्युतराव म्हणाले, ‘थांब, चष्मा आणतो, मग ठरवू.’ बाईसाहेब म्हणाल्या, ‘वाढप माझं खातं आहे. तुम्ही आणा चष्मा.’ आणि पाहुण्याच्या पानात आधी, हे वचन स्मरून, आणि तांबडा रंग कुंकवाचा, शुभ, ऐसे जाणून, त्यांनी ती खूण सरकवीत तांबड्यात नेली आणि सात परगणे पाहुण्यास बहाल केले.

मग काय सांगावे! पाहुणा उठतो आहे ऐसे क्षणभर दिसले, आणि पडदा थिजला आणि बाण जागीच खिळला आणि आतला पंखा घोंघावू लागला, आणि यजमान मूर्च्छित पडताच पाहुणाही पडिला, कारण तो यजमानाच्याच पोटी. अच्युतराव चष्म्यानिशी धावत आले.

‘अगं, काय केलंस?’

‘पोटभर वाढलं.’

‘घरच्याला किती ठेवलंस?’

‘एक.’

‘एकात तो जगतो होय? हा आजकालचा गडी, नुसता उठून बसायला तीन खातो!’

मग बटण दाबून धरून राज्य निजविले आणि पुन्हा उठविले. यजमान सावध जाहला; परंतु पाहुण्याच्या पोटात कहाणीची एकुलती प्रत होती, ती शाबूत की गेली, हे पाहुणा उठल्याविना कळेना. अच्युतराव म्हणाले, ‘आता त्याला अर्धा परगणा दे. पुष्कळ झाला.’ बाईसाहेब म्हणाल्या, ‘अवसेच्या दिवशी पाहुणा अर्धपोटी उठवायचा? माझ्याच्यानं नाही व्हायचं.’ तह होईना. तेव्हा बाईसाहेबांनी माईसाहेबांस फोन लाविला.

‘कहाणी होतेय ना गं?’ पलीकडून प्रश्न.

‘होतेय, माई,’ ऐसे बोलताना बाईसाहेबांचा आवाज पडला. ‘पण मला सांगा, पाहुण्याला आधी वाढावं, असंच म्हणाला होतात ना तुम्ही?’

‘म्हणाले होते. आणि विचारून वाढ म्हणाले होते. आणि पिठाचा डबा तळापर्यंत खरवडू नको, मूठभर ठेव, म्हणजे घर उपाशी राहत नाही, असंही म्हणाले होते. तू पहिलंच धरून बसलीस वाटतं?’ माईसाहेब हसू लागल्या. ‘कोण आलंय एवढं?’

‘जुनं माणूस आहे. बावीस वर्षांपूर्वीचं.’

‘मग आपल्या वेळचं गं! त्याला किती लागतंय? वाटीभर भातावर ढेकर देईल.’

बाईसाहेबांनी फोन ठेविला, तो जेवणाची वेळ जाहली, आणि नेम तो नेम. त्या पानावर बसल्या आणि मौन धरिले. इकडे अच्युतरावांस दम निघेना. पाहुणा किती मागतो हे त्याच्या जुन्या सीडीच्या वेष्टनावर छापिलेले असते, ते त्यांनी चष्मा लावून वाचिले आणि चकित होऊन बोलिले, ‘अगं, हा तर परगण्याचा आठवा हिस्सा मागतोय! मग किती देऊ? अर्धा? दोन? बोल की!’ बाईसाहेबांनी वरणभाताचा घास गिळिला आणि डावे बोट एक वर केले.

‘एकच? नक्की?’

बोट तैसेच राहिले.

एक परगणा दिला आणि सात घरी ठेविले. पाहुण्याने प्रथम काळा पडदा दाखविला आणि आपली तबकडी, म्हणजे डिस्क, तपासू लागला, दहा टक्के, वीस टक्के, आणि अच्युतराव आकडे मोठ्याने वाचीत, आणि बाईसाहेबांचा हात ताटातच थांबला. साठाशी आकडा अडकला तेव्हा त्यांनी देवघरातल्या घासलेल्या समयांकडे पाहिले आणि मनात काय म्हटले ते लिहिणारास ठाऊक नाही. मग शंभर जाहले. मग हिरव्या टेकडीवर निळे आभाळ उगवले, आणि कहाणी उघडली, आणि चौकोन नाहीत, फुल्या नाहीत, काना-मात्रा जागच्या जागी. अच्युतराव थेट शेवटास गेले आणि वाचिते जाहले, ‘म्हातारीनं एक दिवा उंबऱ्यावर मागं ठेवला.’ बाईसाहेबांस बोलता येईना, म्हणून त्या नुसत्या हसल्या, आणि ताकभात पुरा करून, हात धुऊन मगच म्हणाल्या, ‘अक्षर चिंचोक्याएवढं करा हं.’

एवंच, यजमान तगला, पाहुणा तृप्त जाहला, राज्यात कोणी उपाशी राहिले नाही. दुसरे दिवशी, श्रावण शुद्ध प्रतिपदा, शुक्रवार, चारच्या सुमारास रेवतीबाईसाहेबांनी कहाणीची नऊ पाने नव्या रुमालात बांधिली, पुडीत चणे-फुटाणे घेतले, पिठाच्या डब्यात मूठभर आहे ना, हे झाकण उघडून पाहिले. अच्युतराव खुर्चीत डुलकी घेत होते, त्यांस न उठविता दार हलकेच ओढून घेतले आणि नदीच्या पुलाची वाट धरिली.