तिसरी घंटा

आमच्या शेजारच्या दिनूकाकांकडे चहाला गेलात तर तीन घंटा होतात. आधण ठेवलं, पहिली. साखर पडली, दुसरी. तिसरीला कप येतात आणि मागून टपकलेल्याला चहा नाही. "तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश नाही, भैया!" मी एकदा उंबऱ्यात चप्पल काढत होते, तेवढ्यात तिसरी झाली. आले तशीच परत! खडूस मेले.

सवयच तशी. आमच्या काशीतल्या मराठी मंडळात दर गणपतीत तेच एक जुनं नाटक व्हायचं, आणि चाळीस वर्षं घंटा काकांच्या हातात. उशिरा आलेल्या कलेक्टरसाहेबांनाही त्यांनी दाराबाहेर उभं केलेलं. सूट फक्त काकूंना. काकू मंडळाचे मोदक उकडून, पदराला हात पुसत यायच्या, पहिल्या रांगेत कडेला टेकायच्या, तेव्हा कुठे तिसरी घंटा. लोक वैतागायचे. काका म्हणायचे, "नायिकेचा मेकअप राहिलाय." धडधडीत खोटं!

गेल्या फाल्गुनात काकू गेल्या. मणिकर्णिकेवरून काकांना आम्हीच घरी आणलं. तेव्हापासून चहा दुसऱ्या घंटेलाच येऊ लागला. मला वाटलं, वय झालं, विसरतात.

यंदा माझ्या पुतणीने, मुक्ताने, त्याच नाटकावर सिनेमा करायला घेतला. नायिकेचं पत्र गेलं, मोबाइल आला. टांगा गेला, ई-रिक्षा आली. "उद्या गणपतीला हेल्मेट घाल!" काका कुरकुरले. पण सिनेमाच्या सुरुवातीला तुमच्याच तीन घंटा हव्यात म्हटल्यावर इस्त्रीचा कुर्ता घालून सकाळी आठलाच मंडळाच्या हॉलवर हजर.

रेकॉर्डिंग सुरू झालं. पहिली घंटा खणखणीत. दुसरीही. मग काका पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बघत राहिले.

"काका, बस, एक और," मुक्ता हळूच म्हणाली.

"नाही देत."

मी चिडलेच. "अहो, पोरगी तीन महिने खपतेय! असं काय करता? सिनेमा सुरू कसा व्हायचा?"

काकांनी घंटा दोन्ही हातांनी छातीशी धरली. "करा ना सुरू. मी कुठे अडवतोय? पण तिसरी दिली की दार लागतं. मग ती आली तर बाहेरच राहील गं."

मला रडूच फुटलं. मुक्ताने मशीन बंद केलं.

सिनेमा दोनच घंटांवर सुरू होतो. मंडळात दुपारी दाखवला, तेव्हा मी दार उघडंच ठेवलं. पडद्यावर ऊन येत होतं, चित्र फिकं दिसत होतं. पण दार लावा, असं कोणीही म्हणालं नाही.