लाउबाईंचा कठडा आणि फाँग प्रतिष्ठान

दान करायला मोठं मन लागतं असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. मोठ्या मनाची माणसं कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पार्क गावात गल्लोगल्ली सापडतील. दानाला मोठं कार्यालय लागतं, आणि ते डेस्मंड फाँग यांच्याकडे होतं.

फाँगसाहेब तरुणपणी एक सुटकेस आणि भात शिजवायचं एक भांडं घेऊन हाँगकाँगहून कॅलिफोर्नियात उतरले. (भांडं कार्यालयाच्या दाराशी काचेच्या पेटीत आहे. सुटकेसचा शोध चालू आहे.) पुढे त्यांनी प्रिंटरमधली शाई संपायच्या आधीच ती संपल्याचं कळवणारी चिप काढली आणि अफाट श्रीमंत झाले. अशा माणसाला लोकांसाठी काहीतरी करावं असं वाटणं साहजिक होतं. लोकांनाही फार दिवसांपासून तसंच वाटत होतं. म्हणून ‘फाँग कुटुंब करुणा प्रतिष्ठान’ निघालं. त्याच्या फलकावर लिहिलं होतं : ‘ज्येष्ठांच्या प्रत्येक पावलासोबत’.

युक-पिंग लाउ या शिवणकामातून निवृत्त झालेल्या बाईंनी तो फलक वाचला आणि, वय चौऱ्याहत्तर असूनही, त्यावर विश्वास ठेवला.

त्यांचं मागणं लहान होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराला बाहेरून सतरा पायऱ्यांचा जिना. मार्चमध्ये कुणाचा तरी फ्रिज वर चढवताना हमालांनी जिन्याचा कठडा उखडला. घरमालक ‘बघतो’ म्हणाला, आणि तेव्हापासून बघतोच आहे. लाउबाईंचे यजमान कामवाह यांचा डावा पाय अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळा पडलेला. कठडा गेला तसं त्यांचं खाली उतरणं बंद झालं. रोज सकाळी बागेत टॅम नावाच्या म्हाताऱ्या सुताराशी ते बुद्धिबळ खेळायचे, तेही थांबलं. टॅमचा फोन आला की लाउबाई सांगत, “त्यांना खोकला झालाय.” शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे हात पसरायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कार्यालयापुढे पसरायला लाज वाटत नाही, कारण तिथे हात नसतात, फॉर्म असतो.

फॉर्म एकतीस पानांचा होता. तो भरून घ्यायला मेलिसा च्यू नावाची हसतमुख अधिकारी बसली होती.

“आजी, कठडा नसल्यामुळे तुम्हाला किती एकटं वाटतं? एक ते दहामध्ये सांगा.”

“सतरा.”

“दहापर्यंतच आहे, आजी.”

“पायऱ्या सतरा आहेत, बाळ.”

मेलिसाने दहा लिहिलं. (प्रतिष्ठानच्या इतिहासात हा उच्चांक ठरला, आणि लाउबाईंना अभिनंदनाचं पत्र आलं.)

मग पाहणी झाली. नियमानुसार अधिकाऱ्याने घरात जाऊन गरज प्रत्यक्ष पाहायची होती. सुरक्षेच्या नियमानुसार कठडा नसलेल्या जिन्यावर अधिकाऱ्याने पाय ठेवायचा नव्हता. दोन्ही नियम उत्तम होते आणि ते एकाच माणसाने केले होते. तिघे अधिकारी खालून पाऊण तास जिन्याकडे पाहत उभे राहिले. “कठडा दिसत नाही,” असा शेरा त्यांनी एकमताने मारला, पण कागदपत्रांत कठड्याचा फोटो जोडणं सक्तीचं असल्याने प्रकरण पुढे सरकेना.

सरकला तो प्रतिष्ठानने लाउ दांपत्यावर काढायला घेतलेला माहितीपट. कामवाहांना खिडकीत उभं केलं.

“आजोबा, जरा उदास दिसा,” खालून कॅमेरावाला ओरडला.

“टीव्ही बंद करायला लावलात, मॅच चालू होती! आता दिसतोच आहे ना!”

जूनमध्ये वार्षिक स्नेहभोजन ठरलं, भर दुपारी, मोठ्या हॉलमध्ये. माहितीपटाचे नायक म्हणून लाउ दांपत्याला आमंत्रण होतं. नायक उतरणार कसे, हा प्रश्न प्रतिष्ठानने तडफेने सोडवला. चार धष्टपुष्ट गडी आणि एक खुर्ची धाडली. कामवाह तीन महिन्यांनी जमिनीवर आले तेव्हा त्यांनी बूट काढून गवतात पाय ठेवला. लाउबाईंनी तोंड फिरवलं. मग त्या गड्यांना म्हणाल्या, “तुम्ही चौघं आलातच आहात तर एक दांडा ठोकून जा की रे.” गडी म्हणाले, आम्हाला फक्त उचलायचं काम दिलंय.

माहितीपट पाहून हॉल रडला. स्वतः फाँगसाहेब लाउबाईंशेजारी येऊन बसले, त्यांच्या बशीत मासा वाढला आणि गावाकडच्या कँटनीज बोलीत विचारलं, “काय हवंय, ताई?”

“कठडा.”

“फक्त एवढंच?”

“एवढंच.”

फाँगसाहेबांचे डोळे खरोखर भरून आले. (त्यात खोटं काही नव्हतं; कथेतली अडचण तीच आहे.) ते तडक व्यासपीठावर गेले आणि राज्यातल्या समस्त कठड्यांच्या पंचवार्षिक अभ्यासाची घोषणा केली. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. लाउबाईंनाही उठावं लागलं, आणि आपणही टाळ्या वाजवतो आहोत हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

ध्वनिक्षेपक कामवाहांपुढे आला. आभाराचे दोन शब्द अपेक्षित होते.

“मला परत वर नेऊ नका,” ते म्हणाले. “बागेत सोडा.”

सभागृहाला हे रूपक वाटलं. पुन्हा टाळ्या झाल्या. गड्यांना मात्र ते वाक्य वाटलं, आणि त्यांनी खुर्ची उचलून बागेत नेली; लाउबाई मागोमाग.

टॅम एकटाच पट मांडून बसला होता. “खोकला गेला का रे?”

“कसला खोकला?”

लाउबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सगळं सांगितलं.

“अहो वहिनी,” टॅम ओरडला, “माझ्या गॅरेजात लोखंडी पाइप पडलाय! तीन महिने मला मूर्खासारखं एकट्याला खेळायला लावलंत!”

त्याच दुपारी साडेचारपर्यंत कठडा लागला. तो अंमळ वाकडा आहे. कामवाह त्याला धरून सतरा पायऱ्या चढले, आणि निव्वळ खोडी म्हणून परत उतरले.

प्रतिष्ठानच्या वार्षिक अहवालात नोंद आहे : ‘आमच्या हस्तक्षेपामुळे एका ज्येष्ठाच्या घरी कठडा बसला.’ नीट विचार केला तर हे खरं आहे, आणि म्हणूनच लाउबाईंनी तक्रार केली नाही.

आता तुम्ही ही हकीकत इथवर वाचलीत. फाँगसाहेबांना हसलात, लाउबाईंसाठी थोडं हळहळलात, आणि आपण हळहळतो याचं मनातल्या मनात बरंही वाटलं. शेजारच्या इमारतीतल्या दोन जिन्यांना अजून कठडे नाहीत. टॅम शनिवारी सकाळी नऊला तिकडे जाणार आहे. पाइपाचं दुसरं टोक धरायला त्याला एक माणूस हवा आहे. (शनिवारी तुम्हाला काम आहे, हे त्याने गृहीत धरलं आहे.)