दवाखान्यातली भेदरं

रागिणीला सोमवारपासून कॉन्व्हेंटमध्ये घालायचं, हे नत्थुजींनी रविवारी सकाळी गालाला साबण लावलेला असतानाच जाहीर करून टाकलं. कॉन्व्हेंट म्हणजे नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरची ती टाय-पट्ट्याची इंग्रजी शाळा. फॉर्म भरून तयार होता. फक्त रागिणीच्या आईची, पौर्णिमाची, सही राहिली होती.

"शेजारच्या सहदेवचा नातू ए टू झेड धडाधड म्हणते," नत्थुजी आरशात पाहत सुनेला म्हणाले. "अन् आपली पोट्टी? वर्ष झालं बालवाडीत जाऊन, गोटे अन् चिंचोके इकडचे तिकडं करून राहिली. गोटे काय घरी नाहीत?"

"ते नुसते गोटे नसतात, मामाजी. लहान-मोठं, सारखं-वेगळं हातानं समजलं का पुढं गणित सोपं जाते. बालवाडीची रूपालीताई म्हणते, ह्या वयातलं वीस वर्षं पुरते."

"वीस वर्षांनं मी फोटोत असन. मले आत्ता आयकाचं हाय, एबीसीडी."

पौर्णिमानं विषय सोडला. पायात घोटाळणाऱ्या साडेचार वर्षांच्या लेकीला ती म्हणाली, "जाय बाई, आबाजीच्या मालाजवळ बस. काही मदत कर त्याइले."

घोळ झाला तो इथंच.

अंगणात टोमॅटोची, म्हणजे इकडच्या बोलीत भेदरांची, सहा कॅरेटं भरून ठेवली होती. ती नत्थुजींशिवाय घरात कुणी भरायची नाहीत. ती कला होती. तळाला बारके आणि डागी, मधे मधल्या आकाराचे आणि कच्चे, आणि वर करवल्यांसारखे नटलेले लालबुंद मोठे. सगळा तालुका असाच माल भरतो, व्यापारी ते धरूनच भाव करतो, आणि सगळे एकमेकांना रामराम घालतात.

आंघोळ, पूजा आणि गावात एक चक्कर, असं सगळं उरकून नत्थुजी दीड तासानं परतले, तर दारात टेम्पो उभा. त्यातून नांदगावचे व्यापारी सूर्यभानजी खुद्द उतरत होते.

"आज तुमी स्वतः?" नत्थुजी त्यांच्या वाटेत आडवे झाले.

"म्हटलं, बारा वर्षं झाले वरचं पाहून राहिलो. आज नत्थुजीचं खालचं पाहाव."

सूर्यभानजींनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात कॅरेटात खुपसला. नत्थुजींनी डोळे मिटले. हात बाहेर आला तो मोठं लालबुंद भेदर घेऊन. पुन्हा घातला, पुन्हा तसंच. मग त्यांनी अख्खं कॅरेट ताडपत्रीवर पालथं केलं. सगळे मोठे. दुसरंही तसंच. तिसऱ्या-चौथ्यात एकजात मधले, पाचव्यात बारके, सहाव्यात कच्चे.

"नत्थुजी, खरं सांगा," सूर्यभानजींचा आवाज उतरला, "काय लपवून राहिले तुमी?"

"काहीच नाही!" नत्थुजी म्हणाले. खरं बोलूनही त्यांना घाम फुटला होता.

"मंग डागी कुठं गेले?"

"ते दवाखान्यात हाय," मागून आवाज आला.

रागिणी उभी होती. तिच्यामागं बालवाडीतली चार पोरं, सगळ्यांचे हात लाल. दवाखाना ओसरीवर होता. आजीच्या, दुर्गाबाईंच्या, नव्याकोऱ्या चादरीवर वीसेक भेदरं ओळीनं निजवली होती, प्रत्येकावर एकेक पान पांघरलेलं. फार सीरियस होतं त्याला नत्थुजींचा धुतलेला दुपट्टा.

"अव माय! माही चादर!" दुर्गाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"हे आजारी कुठं होते, बाई?" सूर्यभानजींनी विचारलं.

"खाली. आबाजीनं त्याइच्यावर मोठे बसवले होते. त्याइले श्वास येत नव्हता."

टेम्पोवाला उगीच आभाळाकडे पाहू लागला. नत्थुजींचा चेहरा पहिल्या कॅरेटात खपला असता.

"पौर्णिमा! हेच शिकवते का तुही बालवाडी?"

पौर्णिमा दारात आली. तिला लाज वाटायला हवी होती, पण तिची नजर ताडपत्रीवरच्या ढिगांवरून हलेना. एकही भेदर चुकलेलं नव्हतं.

सूर्यभानजींनी मुद्दाम एक अधलंमधलं भेदर उचललं. "हा मोठा का मधला, सांग बरं?"

रागिणीनं घाई केली नाही. तिनं ते आधी मोठ्याशेजारी धरलं, मग मधल्याशेजारी. मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. "मोठ्यात ठेवला त हा बारका होते. मधल्यात ठेवला त दादा होते." आणि तिनं ते मधल्यांत ठेवलं. "इथं खुश राहीन."

सूर्यभानजी तिथंच उकिडवे बसले. "माह्या गोदामात चार माणसं हेच काम करते, नत्थुजी. अन् तेही चुकते. मोठा माल सरळ हॉटेलवाल्याले जाईन, बारका चटणीवाल्याले. असा भरत असान त दर रविवारी मी दारात येतो. कोणत्या कॉन्व्हेंटात हाय पोट्टी?"

नत्थुजींनी घसा साफ केला.

"कॉन्व्हेंट? नाही बाप्पा! बालवाडी. रोप लावलं का दुसऱ्या दिवशी भेदरं तोडाले जाता का तुमी? रोपाले जपलं त पुढचे तोडे निघते. हे टायवाले नुसतं वरचं लाल दाखवते. खालचं कोण पाहते?" बोलता बोलता त्यांनी कोनाड्यातला फॉर्म काढला, चौघडी केली आणि ओसरीवरच्या बाजेच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला.

"माहा नातू हाय तीन वर्षांचा," सूर्यभानजी अजिजीनं म्हणाले. "घेतीन का त्याले?"

"मुश्कील हाय. तिथं सरसकट कोणालेही घेत नाही," नत्थुजींनी मिशीवरून हात फिरवला. "तरी मी शब्द टाकून पाहतो. रूपालीबाई माह्या शब्दाबाहेर नाही."

चहा घेऊन आलेल्या पौर्णिमानं पदर तोंडात कोंबला. बालवाडीत मुलं होती नऊ. दहावं मिळावं म्हणून रूपालीताई घरोघर फिरत होत्या. या दारातही त्या तीनदा येऊन गेल्या होत्या, आणि तिन्ही वेळा नत्थुजी भर दुपारी डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपले होते.