जास्तीचा जोड

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर घरचा फोन नंबर छापायची कल्पना प्रकाशकाची. हो म्हटलं ते निवृत्त प्राध्यापकांनी. (नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. लग्नही तसंच झालं, असं त्यांची बायको सांगे.)

कादंबरी बेतली होती टीव्हीवरच्या एका जुन्या, कृष्णधवल भुताच्या मालिकेवर. मालिकेच्या फिती केव्हाच पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे प्राध्यापकांनी सगळं आठवणीतून लिहिलं आणि पदरचं एकच घातलं: त्या घरात माणसं कितीही असोत, दाराशी चपलांचा एक जोड जास्त असतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना टिपा जोडणाऱ्या माणसाचं एवढंच काय ते स्वतःचं.

पहिला फोन एका दंतवैद्याचा.

"सर, त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या चपलांनी लहानपणी माझी झोप उडवली होती."

"मालिकेत चपला नव्हत्या हो. त्या मी घातल्या."

"पण सर, त्या बायकी होत्या."

मग एका शिंपिणबाईंचा फोन आला. त्यांनाही पांढरे पट्टेच आठवत होते. एका इंजिनड्रायव्हरला तर डाव्या टाचेची झीजसुद्धा आठवत होती. प्राध्यापकांनी पुस्तक पुन्हा चाळलं. पट्ट्यांचा रंग त्यांनी कुठेच लिहिला नव्हता. टाचेचं तर त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मी नकळत चोरलं तर नाही ना गं?"

"चोरायला धाडस लागतं," बायको म्हणाली.

हे सांत्वन की अपमान, याचा विचार करण्यात दोन दिवस गेले. शेवटी त्यांनी तिघा वाचकांना चहाला बोलावलं आणि त्या मालिकेची नायिका, आता पार म्हातारी, शोधून काढून तिलाही. खरं काय ते तिलाच ठाऊक असणार.

चहा होईपर्यंत वाचकांची जुंपलीच. चपलांची तोंडं आत होती की बाहेर? "आत," शिंपीणबाई ठामपणे म्हणाल्या. "ती यायची ना." कप खाली ठेवून नायिकेने बाथरूम कुठे आहे ते विचारलं आणि उठून गेली. तेवढ्यात वाचक निघाले.

त्यांना पोचवायला प्राध्यापक दारापर्यंत गेले. तिघं जिना उतरले. उंबऱ्याबाहेर नायिकेचे काळे बूट होते. आणि शेजारी पांढऱ्या पट्ट्यांचा एक जोड, डावी टाच झिजलेली, तोंडं बाहेर.

आतून ठकठक ऐकू आली. सावकाश, एकेक.

"अगं, बाथरूममध्ये कोणीतरी आहे."

"नायिकाबाई आहेत. कडी अडकली असेल."

"कशावरून त्याच?"

बायकोला उत्तर सुचलं नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे प्राध्यापक जास्तच घाबरले.

शेवटी तिनेच पुढे होऊन चमच्याच्या दांड्याने कडी सरकवली. बाहेर आली ती नायिकाच, चांगली वैतागलेली. बूट घालायला ती दाराशी वाकली, तेव्हा प्राध्यापकांनी सगळा धीर गोळा केला.

"बाई, मालिकेत चपला होत्या का हो?"

"छे. एकही भाग मी विसरलेले नाही. चपला कुठेच नव्हत्या."

"म्हणजे त्या माझ्याच?" त्यांचे डोळे भरून आले.

"अगदी तुमच्याच. मला वाटलंच. बाकीचं पुस्तक वाचताना दिवे लावून बसले होते मी. चपला आल्या आणि छान झोप लागली."

ती गेली. प्राध्यापकांनी दार लोटलं, कडी घातली आणि ते वळले. पांढऱ्या पट्ट्यांचा जोड आता दाराच्या आत होता. तोंडं घराकडे.

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. बायकोने त्या चपलांकडे पाहिलं. मग पदराला हात पुसत ती हळूच म्हणाली, "नुसते उभे काय राहिलात? इतक्या लांबून आल्यात तर विचारा, त्यांना तरी तो चपलांचा भाग आवडला का."

नाही म्हणणं तर जमत नव्हतंच. प्राध्यापकांनी रिकाम्या खोलीकडे तोंड करून, घसा साफ करून, अदबीने विचारलं.

बाथरूमचं दार धाडकन मिटलं आणि आतून कडी लागली.